ऑफर लेटर येण्याच्या आधी

मे महिन्यात बारावीचा निकाल लागतो आणि जून उजाडेपर्यंत जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या हॉटेलात परदेशी शिक्षणाचा मेळावा भरतो. प्रवेश मोफत, सल्ला मोफत, चहा-समोसाही मोफत. २०२३ साली आम्ही दोघे थोरल्या लेकीला घेऊन अशाच एका मेळाव्याला गेलो होतो. तिला विज्ञान शाखेत ८६ टक्के मिळाले होते, भौतिकशास्त्राची गोडी होती, आणि ‘बाहेर जाऊन शिकायचंय’ हे ती नववीपासून म्हणत होती. टेबलामागच्या तरुणाने गुणपत्रिका पाहिली, लेकीचे कौतुक केले, चार कागदांवर सह्या घेतल्या. तीन आठवड्यांत इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचे ऑफर लेटर मोबाइलवर आले. घरात मिठाई वाटली गेली. दादीने शुकराण्याच्या दोन रकात पढल्या.

मग आम्ही बँकेत गेलो. तीन वर्षांची फी, राहणे, जेवण, व्हिसा, तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार असे सगळे धरून आकडा साठ लाखांच्या पुढे जात होता. बँकेतल्या साहेबांनी शांतपणे समजावून सांगितले की एवढ्या रकमेला राहते घर तारण द्यावे लागेल, आणि हप्ते शिक्षण संपल्यावर सुरू झाले तरी व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासूनच चढत जाईल. परत येताना रिक्षात कुणी कुणाशी बोलले नाही. व्याज नको म्हणून ज्या घरात आजवर फ्रिजसुद्धा हप्त्यावर आणला नाही, त्याच घराचे कागद आता व्याजापायी गहाण टाकायचे होते. आम्ही नाही म्हणालो. लेक दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर येऊन तिने एवढेच विचारले, “नाहीच म्हणायचं होतं तर मला तिथे नेलंत कशाला?”

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. चूक तिची नव्हती. चूक क्रमाची होती, आणि तो क्रम आम्ही ठरवला होता. आधी देश, मग विद्यापीठ, मग ऑफर लेटर, आणि सगळ्यात शेवटी पैसा. व्याजाचे कर्ज काढायचे की नाही, हा प्रश्न आपल्या घरांत पडणारच असतो. मग तो अकरावीत असतानाच का विचारू नये? शिक्षण ही गरज आहे म्हणून सवलत देणारे आलिम आहेत आणि परदेशातली पदवी ही गरज नव्हे असे म्हणणारेही आहेत. फतवा देणे आमचे काम नाही. ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे त्यांना विचारा. फक्त मुलीच्या हातात ऑफर लेटर पडण्याआधी विचारा.

आपल्याकडच्या योजनांवर फार भिस्त ठेवू नये, हेही आम्ही त्याच उन्हाळ्यात शिकलो. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना होती, असे सगळे सांगायचे. ती २०२२-२३ पासून बंद झाली आहे, आणि चालू होती तेव्हाही ती बँकेच्या कर्जावरचे व्याज भरून देणारी होती, तेही पदव्युत्तर आणि त्यापुढच्या शिक्षणासाठीच. १८९२ पासून चालत आलेला जे. एन. टाटा एंडोमेंट पदवीधरांसाठी आहे. अल्पसंख्याकांच्या महामंडळांची शैक्षणिक कर्जे बँकेपेक्षा स्वस्त असतात, पण कमी असले तरी त्यावर व्याज आहेच. बारावी झालेल्या मुलाला बाहेर जाण्यासाठी इथून मिळणारी मदत फारच थोडी. जी आहे ती त्या त्या देशांत आहे, आणि तिच्या तारखा आपल्या निकालाच्या कितीतरी आधी येऊन जातात.

मेळाव्यातल्या एजंटने यातले काही सांगितले नव्हते. त्याला वाईट ठरवण्याचा आमचा हेतू नाही. त्याचे पोट विद्यापीठांकडून मिळणाऱ्या कमिशनवर चालते, म्हणून तर आपल्याला सल्ला फुकट मिळतो. जे विद्यापीठ कमिशन देत नाही ते त्याच्या यादीत येत नाही, इतकी साधी गोष्ट आहे.

अशा यादीबाहेरचे तीन रस्ते आम्हाला नंतर शोधून सापडले. पहिला अमेरिकेचा, आणि तो सर्वांत अरुंद. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकी विद्यापीठे आणि महाविद्यालये परदेशी मुलांचाही अर्ज तपासताना घरची ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश दिला तर जेवढे कमी पडेल तेवढे स्वतः भरतात. प्रिन्स्टनने तर २००१ पासून मदतीतून कर्ज हा प्रकारच काढून टाकला आहे, जे देतात ते परत मागत नाहीत. पण शंभर हुशार मुलांनी अर्ज केला तर घेतात चार-पाच. बाकीच्या बहुतेक ठिकाणी परदेशी मुलाने मदत मागितली की प्रवेशाची शक्यताच कमी होते. बहुतेक महाविद्यालयांचा सामायिक अर्ज १ ऑगस्टला खुला होतो, लवकरच्या फेरीची मुदत १ नोव्हेंबरच्या सुमारास आणि नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला संपते. म्हणजे मूल बारावीत असतानाच सगळे संपलेले असते. कोविडनंतर सॅट परीक्षा ऐच्छिक झाली होती, पण एमआयटी, हार्वर्ड, डार्टमथ ती पुन्हा मागू लागली आहेत. आमच्या लेकीसाठी ही गाडी केव्हाच निघून गेली होती.

दुसरा रस्ता तुर्कस्तानचा. तिथल्या सरकारची ‘तुर्किये बुर्सलारी’ ही शिष्यवृत्ती पदवीसाठी आहे आणि तिच्यात फी, वसतिगृह, दरमहा खर्चाची रक्कम, आरोग्य विमा, जाण्या-येण्याचे विमानभाडे आणि पहिले एक वर्ष तुर्की भाषेचे शिक्षण एवढे सगळे येते. अर्जाला एक पैसा लागत नाही, त्यामुळे ‘अर्ज भरून देतो’ म्हणून कुणी हजारो रुपये मागितले तर सरळ उठून यावे. वय २१ च्या आत हवे, गुण किमान ७० टक्के, वैद्यकीयसाठी ९०. अर्ज दरवर्षी १० जानेवारी ते २० फेब्रुवारी. आपल्या बारावीचे प्रात्यक्षिक आणि लेखी पेपर नेमके तेव्हाच असतात. म्हणून कागदपत्रे डिसेंबरातच तयार ठेवलेली बरी.

तिसरा रस्ता जर्मनीचा. आम्ही अखेर तो धरला, म्हणून त्याच्याविषयी जरा सविस्तर सांगतो.

जर्मनी आपल्या लोकांना नवी नाही. डॉ. झाकिर हुसेन यांनी १९२६ साली बर्लिन विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि परत येऊन जामिया मिल्लियाची धुरा उचलली. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत आजही शिकवणीची फी नाही, परदेशी मुलांनाही नाही. सहा महिन्यांच्या सत्राला काहीशे युरोपर्यंत वर्गणी असते आणि तिच्यात अनेक ठिकाणी बस-रेल्वेचा पासही मिळतो. अपवाद ठाऊक असावेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली आहे. म्हणून विद्यापीठाचे नाव पाहण्याआधी ते कुठल्या राज्यात आहे ते पाहावे.

फी नाही म्हणजे खर्च नाही असे मात्र नव्हे. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्या-खाण्याचे पैसे एका विशेष खात्यात आधीच भरून दाखवावे लागतात. सध्या ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे बारा लाख रुपयांच्या आसपास. हे पैसे कुणाला देऊन टाकायचे नसतात. मूल तिथे पोहोचले की त्यातूनच दरमहा ९९२ युरो त्याच्या हातात येतात. साठ लाखांचे कर्ज आणि बारा लाखांची जमवाजमव यांत केवढा फरक आहे, हे आम्हाला त्या आकड्यापाशी कळले. पुढच्या वर्षांसाठी मुलांना कामाची मुभा आहे. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. सगळा खर्च कामातून निघेल या भरवशावर पाठवू नये, पण हातभार लागतो.

अडचण पैशांची नव्हे, पात्रतेची आहे. आपली बारावी तिथल्या शालान्त परीक्षेच्या बरोबरीची धरत नाहीत. त्यामुळे नुसत्या बारावीवर थेट विद्यापीठात प्रवेश मिळत नाही. इथे मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केले तर त्याच विषयाच्या शाखेत थेट अर्ज करता येतो. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असणाऱ्यांनाही तांत्रिक विषयांसाठी दार उघडते. हे दोन्ही नसेल तर ‘श्टूडिएनकोलेग’ नावाचा दोन सत्रांचा तयारीचा अभ्यासक्रम आणि त्याची अंतिम परीक्षा. शिवाय पदवीचे बहुतेक शिक्षण जर्मन भाषेत चालते. इंग्रजीतले अभ्यासक्रम पदव्युत्तर पातळीवर भरपूर आहेत, पदवीला थोडे. ‘सगळं इंग्रजीत आहे’ म्हणून सांगणारा बहुधा तुम्हाला फी घेणाऱ्या खासगी संस्थेकडे नेत असतो.

आमच्या लेकीने जवळच्याच महाविद्यालयात बी.एस्सी.ला नाव घातले आणि सोबत जर्मनचा ऑनलाइन वर्ग लावला. शादीच्या एका दावतीत एका नातेवाइकाने सर्वांसमोर विचारले, “काय, परदेशाचं काय झालं? वर्ष वाया गेलं की पोरीचं!” ती काही बोलली नाही. आम्हालाही घास गिळवेना. अट एका वर्षाची होती, पण भाषेमुळे तिला दोन लागली. अनेक रात्री इशाच्या नमाजेनंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती क्रियापदे पाठ करताना ऐकू यायची. एकेका पायरीची परीक्षा देण्यासाठी पुण्याला मॅक्स म्युलर भवनात फेऱ्या झाल्या, त्यातली एक पायरी पहिल्या खेपेला नापास झाली. शेवटी ‘टेस्टडाफ’ या परीक्षेत चारही भागांत हवी ती श्रेणी आली, तेव्हा दादीने पुन्हा दोन रकात पढल्या. या वेळी मिठाई मात्र आम्ही वाटली नाही.

आता कागदपत्रांविषयी, कारण तिथे आमच्यासारखी घरे हमखास अडतात. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना ‘एपीएस’ हे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. आपली प्रमाणपत्रे खरी आहेत की नाहीत ते तिथे तपासतात. सगळे कागद काढून टेबलावर मांडले तेव्हा दिसले की आमच्या घरात इंग्रजीत तीन वेगवेगळे ‘शेख’ राहतात. दहावीच्या गुणपत्रिकेत एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरे, जन्मदाखल्यावर तिसरे. एका ठिकाणी बापाचे नाव पूर्ण ‘अब्दुल’, दुसऱ्या ठिकाणी नुसते ‘अ’ आणि टिंब. मोहम्मदचे ‘मोहद’ झालेली घरे तर प्रत्येक मोहल्ल्यात सापडतील. त्यातच आपले बोर्ड आडनाव आधी छापते आणि पासपोर्टवर त्याचा रकाना वेगळा असतो. इथे शाळेत, रेशनवर, ग्रामपंचायतीत हे कुणी मनावर घेत नाही. तिकडचा कारकून मात्र ही एकच मुलगी आहे हे मानायलाच तयार नसतो. प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावाच्या दुरुस्तीची जाहिरात, मग पासपोर्ट, यात आमचे तीन महिने गेले. हे काम दहावीच्या आधी उरकले तर एक दिवसाचे आहे.

दुसरी अडचण शिक्षकांच्या पत्रांची. अमेरिका आणि इंग्लंडच्या अर्जाला मुलाला ओळखणाऱ्या शिक्षकाचे पत्र लागते, आणि निकालाआधी अर्ज केला तर अंदाजे किती गुण मिळतील तेही शाळेने लिहून द्यावे लागते. आता आपली मुले कनिष्ठ महाविद्यालयात फक्त नाव घालतात आणि दिवसभर क्लासमध्ये बसतात. ओळखणारा शिक्षक आणायचा कुठून? आमच्या पुतण्याच्या वेळी प्राध्यापकांनी कोरे लेटरहेडच पुढे केले आणि म्हणाले, तूच लिहून आण. असे पत्र वाचणाऱ्याला ते लगेच कळते. आठवड्यातून दोन दिवस तरी मुलाने प्रयोगशाळेत दिसावे, शंका विचारावी, एवढे आपण घरून पाहू शकतो.

स्वतःविषयी लिहायच्या निबंधाचेही तेच. एजंटकडे तयार निबंध मिळतात. इंग्लंडची ‘यूकॅस’ ही प्रवेशसंस्था प्रत्येक निबंध जुन्या निबंधांशी ताडून पाहते आणि साम्य आढळले तर विद्यापीठाला कळवते. आपल्या मुलांकडे लिहायला काही नसते हे आम्हाला पटत नाही. संध्याकाळी मकतबमध्ये लहानांना कायदा शिकवणारी मुलगी, आजीला दवाखान्यात नेऊन डॉक्टरांचे बोलणे तिला समजावून सांगणारा मुलगा, दुकानाचा हिशेब मोबाइलवर आणणारा मुलगा, यांना फक्त कुणीतरी सांगावे लागते की हेच लिहा.

इंग्लंडविषयी आणखी एक, कारण तिथे आपल्या एकत्र कुटुंबांची फसगत होते. व्हिसासाठी लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि ते खाते विद्यार्थ्याचे किंवा आईवडिलांचे हवे. कुवेतच्या चाचांच्या खात्यात कितीही पैसे असोत, तिथे ते धरत नाहीत. तीसेक दिवस आधी ते आपल्या खात्यात यायला हवेत आणि कुठून आले याचा कागद हवा.

तो कागद आमच्याही घरात झाला. बारा लाखांपैकी काही आमची बचत होती, काही दागिने मोडून आले, आणि चार लाख चाचांनी कर्जे-हसना म्हणून दिले. लिहून घेऊ या, दोन साक्षीदार ठेवू या, असे म्हटल्यावर चाचा दुखावले. “भावाभावांत कागद?” कर्ज लिहून ठेवावे, साक्षीदार ठेवावेत, हे सूरह बकरामध्येच आले आहे, हे दादीने त्यांना आठवण करून दिले तेव्हा ते हसले आणि सही केली. परतफेडीची मुदत सहा वर्षे, व्याज नाही. त्या कागदाची एक प्रत लेकीच्या फाइलमध्येही आहे. तिला ते ठाऊक असावे, असे आम्हाला वाटले.

डॉक्टरकीसाठी बाहेर जाणाऱ्यांचा मामला वेगळा आहे आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच सांगतो की नीट परीक्षेशिवाय बाहेर जाऊन केलेली पदवी भारतात चालत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि त्यावर त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता असा हवा, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी होण्याचा हक्कही मिळायला हवा. परत आल्यावरची परीक्षा उरतेच. यातली एक अट जरी बसत नसेल तर बयाणा देऊ नये.

राहिला मुलीला एकटीने पाठवण्याचा प्रश्न. पैसे जमल्यावर घरात खरी चर्चा यावरच झाली. मुंबईच्या तय्यबजी-फैजी घराण्यातल्या अतिया फैजी १९०६ साली शिक्षिकेचे प्रशिक्षण घ्यायला लंडनला गेल्या. तिथून त्यांनी लिहिलेली रोजनिशी लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या बायकांच्या पत्रिकेत छापून येई आणि घराघरांतल्या मुली ती वाचत. म्हणजे हा वाद आपल्या घरांत शंभर वर्षांहून जुना आहे. आम्ही तो मिटवला असा दावा नाही. आम्ही इतकेच केले की लेकीलाच सगळे शोधायला लावले. मुलींचे वसतिगृह कुठले, मशीद किती लांब, रात्री किती वाजेपर्यंत बस, आजारी पडल्यास कुणाला फोन. तिने चार पानांची वही भरून आणली. दादीची काळजी मटणाची होती. १९६१ च्या करारानंतर लाखो तुर्क कामगार जर्मनीत जाऊन वसले, त्यामुळे बहुतेक शहरांत हलाल गोश्ताचे दुकान असते, हे ऐकून तिचा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा तिने विमानतळापर्यंत सोबत नेला.

लेक आता तिथे आहे. पहिल्या महिन्यात तिचा आवाज फोनवर पडलेला असायचा. व्याख्याने भराभर होतात, निम्मे कळत नाही म्हणायची. हल्ली फोनवर भाताला पाणी किती घालायचे ते विचारते. भौतिकशास्त्राचे आम्ही विचारत नाही, विचारून आम्हाला काय कळणार!

धाकटा यंदा दहावीला आहे. बोर्डाकडे नावे जाण्याआधी शाळा जी यादी सहीसाठी घरी पाठवते ती परवा आली. दोघांनी चष्मे लावून, लेकीचा पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून पाहिले. आडनावातला शेवटचा ‘एच’ गळालेला होता. दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधीच आम्ही कार्यालयाच्या दारात जाऊन उभे होतो.